सुरुवात कुणी पाहिली

परीक्षेला एक दिवस उरला होता आणि अण्णा सकाळपासून तिसऱ्यांदा मरायला टेकले होते. पहिल्या वेळी त्यांची साखर उतरली. सोफ्यावर अंग टाकून, हात लटलट कापवत त्यांनी असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडू ठोकला. दुसऱ्या वेळी छातीत कळ आली, तीही चुकून उजव्या बाजूला. हृदय डावीकडे असतं अशी सुनेने आठवण करून दिली, तर म्हणाले, माझं मधोमध आहे, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना सारखं दिसावं म्हणून.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर बस चालवली. नाटकाचं वेड जबर, पण स्टेजवर पाऊल पडलं ते फक्त पडदा ओढायला. निवृत्त होऊन घरात बसले, बायको गेली, आणि सून नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा द्यायला बसली तेव्हा म्हाताऱ्याचं नशीब फळफळलं. ती रोग सांगायची, ते रोगी व्हायचे. लक्षणं बघून आधी काय करायचं आणि मग काय, हे तिने घडाघडा सांगायचं. पुस्तकावर डोळे मिटायला लागले की ही युक्ती हमखास कामाला यायची. अण्णा तिला 'सिस्टर' म्हणत. ती अजून झालेली नव्हती, पण त्यांनी आगाऊच करून टाकली होती.

खरं बघितलं तर ती सिस्टर होतीच. माहेरच्या गावी मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या पेशंटांचा अख्खा वॉर्ड सांभाळलेली बाई. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे परमुलखात आली आणि इथल्या कायद्याने तिची पाटी कोरी करून टाकली. लायसन्स मिळेपर्यंत वृद्धाश्रमात मदतनीस. चादरी बदलायच्या, भरवायचं, कूस वळवायची, पण बीपीच्या मशीनला हात लावायचा नाही. एकदा एका आजोबांची नाडी तिने सवयीने बघितली, तर सुपरवायझरबाईंनी चारचौघांत समज दिली. तो अपमान तिने गिळला होता, पचला मात्र नव्हता.

परीक्षेत ती दोनदा आपटली होती. अभ्यास कमी पडला म्हणून नाही. नडला तो अनुभव. वॉर्डात पेशंटचे ओठ निळे दिसले की हात आपसूक ऑक्सिजनकडे जातो. परीक्षा म्हणते, थांबा, आधी काय विचाराल? परीक्षेतले पेशंट असतातही फार सभ्य. कुणी ओरडत नाही, कुणाचा मेहुणा अंगावर धावून येत नाही, चार पर्यायांच्या वर शहाण्यासारखे पडून राहतात. क्लासच्या सरांनी तिचे दोन्ही निकाल बघून एकच सांगितलं होतं, की बाई, वॉर्ड विसरा, डोळ्यांसमोर माणूस आणू नका, प्रश्न आणा. तिने ते इतकं मनावर घेतलं की रस्त्यात लंगडणारा माणूस दिसला तरी मनातल्या मनात अ, ब, क, ड सुरू व्हायचं. उद्याची तिसरी संधी शेवटची होती. हुकली तर सगळा कोर्स पहिल्यापासून. ते तिला झेपणारं नव्हतं, आणि चादरीही आता झेपत नव्हत्या.

तर अण्णांचं तिसरं मरण. अकराच्या सुमाराला तिने पक्षाघात मागितला. तोंड, हात, बोलणं आणि वेळ, या चार गोष्टी त्यात बघायच्या. अण्णांनी डावा गाल असा काही ओघळवला, जीभ अशी काही जड केली, की तिला हसू आवरेना. स्वतःवर खूश होऊन त्यांनी उजव्या हातात फोन धरला, त्याच अवतारात स्वतःचा छोटा व्हिडिओ काढला आणि मुलाला पाठवून दिला. सोबत शब्द एक नाही. कलाकाराने आपली कला समजावून सांगायची नसते, असं त्यांचं मत. मुलगा शीतगोदामात कामाला. तिथे पाळी सुरू झाली की फोन कुलपात पडतो, त्यामुळे त्या व्हिडिओला दाद कुणी दिली नाही.

मग ती आतल्या खोलीत सराव परीक्षेला बसली. कॉम्प्युटरवर घड्याळ लावलेलं, मध्ये थांबवायची सोय नाही. जेवण नंतर बघू म्हणाली. अण्णांनाही सांगून ठेवलं, की तुमचं तुम्ही वाढून घ्या आणि मला हाक मारू नका.

अर्धा तास झाला असेल. दीड वाजायला आला होता. प्रश्न मूत्रपिंडाच्या पेशंटचा होता आणि दोन पर्याय सख्ख्या भावांसारखे दिसत होते. दार सरकलं. अण्णा पाण्याचा पेला घेऊन आले.

"सिस्टर, पाणी पी आधी. डोकं तापलंय तुझं," ते म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, बसमध्ये मागच्या माणसाला ऐकू जाईल असं.

त्यांच्या उजव्या हातातल्या पेल्याकडे एक नजर टाकून तिने हुंकार दिला. पेला टेबलावर ठेवता ठेवता ते आणखी काही म्हणायला लागले, "मी जरा..." आणि पुढचे शब्द एकमेकांत कालवले गेले. पेला काठावर कलंडला, पाणी सांडलं. तिने मान वर केली. अण्णांच्या तोंडाची उजवी कड खाली उतरली होती. उजवा हात खांद्यापासून सैल लोंबत होता. डोळे तिच्यावर होते.

ती बघत राहिली. ओझरतं नाही, नीट बघितलं, चांगलं काम बघावं तसं.

"आज जमलं, अण्णा," ती म्हणाली. "हात काय सोडलाय. सकाळपेक्षा दसपट भारी. पण आता नको ना, घड्याळ चाललंय. जा, पडा जरा."

अण्णा हलले नाहीत. पुन्हा काहीतरी बोलले, लांबलचक, सगळं चिखल झालेलं. तिने स्क्रीनवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तिचा धीर सुटला. उठून हातातल्या रुमालाने सांडलेलं पाणी टिपलं, त्यांना हसत हसत दाराबाहेर काढलं आणि दार लोटलं. मूत्रपिंडाच्या प्रश्नाचं उत्तर 'क' होतं. तिने बरोबर दिलं.

त्या दिवशी तिला कधी नव्हे इतके गुण पडले. हिरवी पट्टी उमटली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आनंद पोटात मावेना, म्हणून ती "अण्णा, पास!" असं ओरडतच बाहेर आली. अण्णा बोळातल्या खुर्चीत होते. एका अंगाने भिंतीवर रेललेले, उजवा हात मांडीवरून घसरून खाली, हनुवटीवर लाळ. डोळे उघडे होते आणि दाराकडे लागलेले होते.

तिचे हात आपसूक चालू लागले, तेवढी ती नर्स होती. श्वास बघितला, नाडी बघितली, कुशीवर घेतलं, रुग्णवाहिका बोलावली, गोदामाच्या ऑफिसात फोन करून नवऱ्याला निरोप ठेवला. गाडीतल्या माणसाने विचारलं, केव्हापासून असे आहेत. तिने सांगितलं की ती आतल्या खोलीत होती, बाहेर आली तर हे असे. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण जे गाळलं ते काय आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं.

इस्पितळात सगळं भराभर झालं. डोक्याचा स्कॅन निघाला. ड्यूटीवरची डॉक्टर तिच्याहून वयाने लहान, केस वर बांधलेले, बोलणं तुटक पण खोचक नाही. तिने सांगितलं, की मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळी आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यायला लागतं. उशिरा दिलं तर उपकारापेक्षा अपकार, डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस हातचा जातो. म्हणून तिला एकच गोष्ट हवी होती. हे धडधाकट शेवटचे कधी दिसले?

तेवढ्यात नवरा आला. गोदामातलं जाड जाकीट तसंच अंगात, चेहरा पांढराफटक. त्याने बायकोकडे बघितलंही नाही. सरळ डॉक्टरपुढे फोन धरला.

"हे बघा. अकरा वाजता पाठवलाय त्यांनी. मला पाठवलाय," तो म्हणाला. "मदत मागत होते ते. मी आत्ता येताना उघडला."

आणि हा धिप्पाड माणूस, जो आई गेली तेव्हाही कोपऱ्यात जाऊन रडला होता, तो तिथे सगळ्यांसमोर हुंदके द्यायला लागला. डॉक्टरने व्हिडिओ बघितला. तोंड वाकडं, जीभ जड. खाली वेळ. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. पावणेपाच होत होते. अकरापासून धरलं तर मुदत केव्हाच उलटली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून तसं दिसलंच.

ते नाटक होतं, असं सून म्हणाली. अण्णा पेशंट होतात, ती उत्तरं देते, रोजचंच आहे. नवऱ्याने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू ती मयताच्या घरी विनोद सांगत होती. डॉक्टर शांतपणे म्हणाली, की सकाळी छोटा झटका येऊन ओसरतो आणि दुपारी मोठा येतो असं पुष्कळदा होतं, घरच्यांना ते नाटक वाटू शकतं. सून म्हणाली, व्हिडिओत डावी बाजू आहे, आत्ता उजवी गेली आहे. त्यावर डॉक्टर म्हणाली, की स्वतःचा व्हिडिओ स्वतः काढला की डावं-उजवं फोनमध्ये उलटं दिसू शकतं. एवढ्यावर ती इतकं जोखमीचं औषध देणार नव्हती. आणि बरोबरच होतं तिचं. सुनेनेही दिलं नसतं.

"हे खोटं असेल, तर खरं केव्हा सुरू झालं?" डॉक्टरने विचारलं. "सुरुवात कुणी पाहिली आहे का? पाहिली नसेल तर मला सकाळचीच वेळ धरायला लागेल."

बोलायला फार वेळ लागला असं तिला नंतर वाटत राहिलं. खरं तर क्षणभरच गेला असेल. पण त्या क्षणात माणूस किती पळवाटा शोधतो, बघा. पाणी द्यायला आले तेव्हा ठीक होते, एवढंच सांगावं का? मग डॉक्टर विचारणार, कशावरून? किती वेळ बघितलंत? आणि ठीक होते तर बिघडले केव्हा? गप्प राहिलं तर कुणाला कधी काही कळणार नव्हतं. नवऱ्याने दोष आपल्याच डोक्यावर घेतलेला होता. तो आयुष्यभर वाहिला असता त्याने, आणि तिने त्याची पाठ थोपटली असती. उद्या ती परीक्षेला बसली असती. आत अण्णा मात्र तसेच पडून राहिले असते.

"मी पाहिली," ती म्हणाली.

डॉक्टरने पेन उघडलं. नवऱ्याचा हुंदका मध्येच थांबला.

"दीडला दोन-तीन मिनिटं होती. माझ्यासमोर कॉम्प्युटरवर घड्याळ होतं. ते पाणी घेऊन आले. दोन वाक्यं बोलले, अगदी स्वच्छ. उजव्या हातात पेला होता, पकड घट्ट होती. तिसऱ्या वाक्याला जीभ अडखळली. पेला कलंडला. तोंडाची उजवी कड उतरली, कपाळ हलत होतं. उजवा हात खांद्यापासून लुळा. पाय तेव्हा उचलत होते." ती हे वॉर्डात पाळी बदलताना सांगतात तसं सांगत होती, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला ते सांगताच आलं नसतं. "मी पूर्ण बघितलं. मला वाटलं नाटक आहे. मी शाबासकी दिली आणि त्यांना बाहेर पाठवून दार लावलं."

"तुम्ही नर्स आहात?" डॉक्टरने विचारलं.

"उद्या परीक्षा आहे."

डॉक्टरने तिच्या डोळ्यांत बघितलं. त्यात कीव नव्हती आणि राग नव्हता, ती फक्त पारखत होती. मग तिने वळून आत सांगितलं, सुरुवात दीड वाजता, साक्षीदार आहे, इंजेक्शन भरा. जोखमीच्या कागदावर मुलाची सही घेतली.

मग वाट बघणं. बोळात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, एकमेकींना जखडलेल्या. एकाने कूस बदलली की दुसऱ्याची खुर्ची हलायची. दोघं मध्ये एक खुर्ची सोडून बसले होते. आत नर्स थोड्या थोड्या वेळाने अण्णांना तपासत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. डोळे उघडा. बोट पकडा. हे प्रश्न कोणत्या क्रमाने येतात आणि कितव्या उत्तराला घाबरायचं, हे सुनेला पाठ होतं. त्या पाठांतराचा तिला त्या घडीला शिसारी यावी इतका राग आला.

नवरा ओरडला असता, फाडकन काही लागट बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो जाकिटाची चेन वर-खाली करत बसला होता.

"उद्याच्या पेपरात हे आलं असतं," शेवटी तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय, बोलता येत नाही. तर तू काय लिहिलं असतंस?"

तिने खोटं बोलायचा विचारही केला नाही.

"बरोबर लिहिलं असतं."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"मला तेच कळत नाहीये," तो म्हणाला.

तिलाही कळत नव्हतं. सरांनी सांगितलं होतं तसं तिने केलं होतं, माणूस पुसून टाकून प्रश्न ठेवला होता. पण हे सांगून सरांच्या डोक्यावर खापर फोडण्यात काय अर्थ होता? दार तिच्याच हाताने लागलं होतं. ती रडली नाही. रडून मोकळं व्हायचा हक्क आपल्याला आज नाही असं तिला वाटलं.

दार उघडलं आणि आतली नर्स बाहेर आली. आजोबा जागे आहेत, पण आपल्या बोलण्याला दाद देत नाहीत, म्हणाली. अनोळखी आवाजाला बिचकत असतील. घरचं कुणीतरी आत या आणि तुमच्या तोंडून सांगा. सून आपोआप मागे सरली आणि तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याचे वडील, त्याचा हक्क.

तो उठला नाही.

"तू जा," तो म्हणाला. "त्यांना तुझ्या आवाजाची सवय आहे."

हे माफ केल्यासारखं होतं की डागणी दिल्यासारखं, तिला कळलं नाही, आणि बहुधा त्यालाही नसावं. ती आत गेली.

अण्णा खाटेवर लहान दिसत होते. तिला बघून त्यांचे डोळे हलले. ती जवळ गेली, कठड्यावर हात ठेवला आणि घसा खाकरून म्हणाली, "अण्णा, दोन्ही हात वर उचला."

सकाळी याच शब्दांवर त्यांनी केवढी नौटंकी केली होती. आता त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. उचलायचा की पाडायचा, हिला नेमकं काय हवंय, असं काहीतरी.

"खरंच उचला, अण्णा. जेवढा येईल तेवढा."

डावा हात वर गेला. उजवा चादरीवरच राहिला. मग बोटं आवळली गेली, मनगट उचललं, कोपर थोडं सुटलं, हात चार बोटं वर आला आणि पडला. नर्स म्हणाली, मघाशी एवढाही नव्हता. तिने तक्त्यावर नोंद केली आणि औषधाच्या पंपाकडे वळली.

सून तिथेच उभी होती. तिने त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. गरम होता.

"अण्णा," तिने हळूच विचारलं, "दुपारी पाणी आणलंत तेव्हा काय सांगत होता?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. मग ते बोलायला लागले. अर्धे शब्द घशात, अर्धे गालात, मध्येच अडून पुन्हा पहिल्यापासून. एक अक्षर लागेल तर शपथ. नर्सने मागे वळून सांगितलं, की त्यांना फार बोलायला लावू नका, उद्या-परवा जीभ सुधारेल. सुनेने मान डोलावली, पण ती हलली नाही. ती वाकली, कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मध्ये एक शब्दही बोलली नाही.